चंद्रभागाबाई, लेकरू कोणाचं?

चंद्रभागाबाई, तुझ्या तेरवीला तीन दिवस राहिले. काल किसना कागद आणि दौत घेऊन माझ्या खोलीत आला. म्हणाला, "मावशे, मायवर चार शब्द लिहून दे. घरातल्या बायांत तूच शिकली हायेस. मांडवात उभा राहून वाचतो मी."

शिकलेली म्हणजे काय, तीन पुस्तकं. माझा बाप शाळेत पाणी भरायचा. पंतोजींनी मला पोरांच्या मागे बसू दिलं, तेवढंच. पण किसनाला नाही म्हणवलं नाही.

जिवंतपणी मी तुला 'तुम्ही' म्हटलं. तू थोरली सवत, वयानंही बारा वर्षांनी मोठी. आता 'तू' म्हणते. चालेल का, हे विचारायची सोय राहिली नाही.

तुझे गुण मी लिहिणार नाही. ते मांडवात बाकीचे सांगतील, तुझ्या हातची ज्वारीची भाकरी, तुझी देवपूजा, तुझा दरारा. मी लिहायला बसले कारण माझी शपथ सुटली. 'मी जित्ती हाये तोवर बोलायचं नाई,' असं तू माझ्याकडून वदवून घेतलं होतंस. आता तू जित्ती नाहीस. म्हणून लिहिते. किसना माझ्या पोटचा आहे. तुझ्या पोटी मूल झालंच नाही. गावानं जिला सगळा जन्म वांझ म्हटलं, तिनं त्याला जन्म दिला. जिला आई म्हटलं, ती वांझ होती.

हे झालं कसं, ते तुला माहीत आहे. तरी सगळं सांगते, कारण तू ते तुझ्या सोयीनं विसरली होतीस.

त्या साली दूर परदेशात कुठे तरी लढाई लागली होती. तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला वेड लागल्यासारखा भाव आला. अंगणातलं तुळशीवृंदावन सोडलं तर लोकांनी सगळीकडे सरकी लावली. आपले धनी माळी माणूस, वांगी, मेथी, शेवंती यांच्यावर पोट. अमरावतीला कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाच्या बंगल्यावर बाग राखायचं काम मिळालं, म्हणून तेल्हाऱ्याकडचं गाव सोडून आपण तिघं तिथे गेलो. बागेमागे खोली मिळाली. मी सतरा वर्षांची होते. तिथेच मला दिवस गेले, गावात कोणाला कळलं नाही.

कार्तिकात साहेबाची मडम आली. तिच्यासोबत काचेच्या दोन बरण्या आल्या. एकीत दगडाला चिकटलेला लाल गोळा, दुसरीत हिरवट. हात लावला की भोकराच्या लोणच्यासारखा बुळबुळीत. थोडा वेळ गेला की गोळा उमले आणि पाकळ्यांसारखे शेकडो बारीक हात बाहेर येत. लाल गोळ्याच्या काठाला निळ्या मण्यांची ओळ होती, पोतीसारखी. आम्ही त्याला समुद्रफूल म्हणायला लागलो.

धन्यांनी वाकून पाहिलं. "लाल गोंडा दिसते. याले शेणखत काय देता, मडम?"

मडम हसली. "फूल नहीं, माली. जानवर."

"जनावर?" तू पुढे झालीस. "मंग तोंड कुठं हाये याचं?"

मडमनं पिसाच्या टोकानं मधलं भोक दाखवलं. तिच्या मोडक्या बोलीत तिनं सांगितलं की हिचं तोंड तेच आणि दुसरं दारही तेच. जिथून खाते तिथूनच पिल्लं बाहेर टाकते. पिल्लं आत पोटात राहतात, मोठी होतात, मग आई एकेक करून तोंडातून बाहेर सोडते.

तू पदर तोंडाला लावलास. "अवं माय! जेवाच्या दारातूनच बाळंत?"

"आणि बाप?" मी विचारलं.

मडमनं खांदे उडवले. बाप कोणी पाहिला नाही, नसेलही.

तू माझ्या कानाशी आलीस. "मंजुळे, आपल्या धन्याले सांगून टाक. त्यायची गरज नाई राह्यली."

आपण दोघी इतक्या हसलो की मला पोट धरून खाली बसावं लागलं. वांग्याच्या वाफ्यातून धनी ओरडले, "काय झालं व?" आपण आणखी हसलो. बाई, ते हसणं मी विसरले नाही. म्हणून तर बाकीचं जास्त लागलं.

मडमचा समुद्र थंड होता. भर उन्हाळ्यात हात घातला तरी बोटं दुखतात, म्हणायची. आपल्याकडे तो थंडपणा कुठून आणायचा? ते काम तुझ्या-माझ्याकडे आलं. विड्याची पानं आणि फुलं आपण जशी ओल्या कापडात राखतो, तसंच आपण केलं. मोठ्या तोंडाचा माठ घेतला, त्यात ओली रेती भरली, रेतीत बरणी रोवली, माठाला भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं आणि उत्तरेच्या ओसरीत वाळ्याच्या पडद्याआड ठेवला. दिवसातून चार वेळा शिंपण. समुद्राचं पाणी पिंपात भरून येई. कापूस घेऊन गेलेल्या गाड्या रिकाम्या परत यायच्या, त्यातल्या एखाद्या गाडीत ते पिंप असे. गाडीवान म्हणायचे, "साहेबानं बायकोसाठी समुद्र बोलावला."

मडमचा एकच कडक नियम होता. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली होती. पाणी पट्टीच्या खाली गेलं की गोडं पाणी घालायचं, पावसाचं राखून ठेवलेलं. खारं घालायचं नाही. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं, असं ती सांगायची. मला ते पटलं, कारण बाप भांड्यात पाणी आटवायचा तेव्हा तळाशी पांढरं राहिलेलं मी पाहिलं होतं. तुला पटलं नाही. तू खारपाणपट्ट्यातली. तुझ्या माहेरच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की परका माणूस थुंकून टाकतो. तू म्हणालीस, "खाऱ्या पाण्याचा जीव गोड्या पाण्यावर कसा जगंल? मले पाह्य ना, मी खाऱ्यावरच वाढली."

पौषात हिरवी आजारी पडली. अंग चोरून बसली, मग तिनं तीन पिल्लं बाहेर टाकली आणि मेली. जोंधळ्याच्या दाण्याएवढी पिल्लं, हिरवी. मडमनं एकेक पिल्लू पिसावर उचललं आणि लालच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. लालनं ते आत घेतलं. मी ओरडले, "गिळलं!" मडम म्हणाली, थांब.

दोन-अडीच आठवड्यांनी लालनं पिल्लं बाहेर सोडली. तिची स्वतःची होती, लालभडक. त्यांच्यात दोन वेगळी होती. वरून तांबूस झालेली, पण दगडाला टेकते ती खालची बाजू अजून हिरवी. मडमनं मला भिंग दिलं. मी पाहिलं, तूही पाहिलंस.

"पाह्य," तू म्हणालीस. "पोटात घेतलं का तिचंच झालं. रंगसुदिक बदलला."

"तळ पाहा ना बाई, हिरवाच हाये."

"तळ कोण पाह्यते?"

"आणि तीन आत गेले होते. दोनच आले."

मी मडमला विचारलं, तिसरं कुठं? ती म्हणाली, कोण जाणे, खाल्लं असेल. हा वाद आपला तेव्हापासूनचा. तुझ्या बाजूनं तू जन्मभर दोन पिल्लं मोजलीस. मी तिसरं मोजत राहिले.

फाल्गुनात किसना झाला. इथे खोटं लिहिणार नाही. दोन दिवस मी अडले होते. सुईणीनं हात टेकले होते, तू टेकले नाहीस. तू माझ्या मागे बसून मला छातीशी धरलंस, माझे दात तुझ्या दंडात रुतले, त्याचा वण परवा तुला आंघोळ घालताना मी पाहिला. नंतर असा ताप आला की पुढे मला परत दिवस गेलेच नाहीत; त्या तापात माझी घाण तू काढलीस. कपाळावर माठातली ओली रेती कापडात बांधून ठेवलीस, समुद्रफुलाला ठेवायचो तशी. मी जगले ती तुझ्यामुळे. हे मी मान्य करते आणि इथेच संपवते, कारण हे उपकार तू नंतर पुरते वसूल केलेस.

चैत्र लागला. ऊन वाढलं. लाल मलूल झाली. मडमनं बर्फ मागवायचे बेत केले, तो वाटेतच वितळला. त्या आठवड्यात तुझा भाऊ गावाहून कापसाची गाडी घेऊन आला आणि फाटकावरूनच परत गेला, लेकरू त्यानं पाहिलं नाही. तू त्याच्याकडून माहेरच्या विहिरीची एक कळशी आणवली होतीस. दुपारी मडम झोपलेली असताना तू ती बरणीत ओतलीस, अगदी पट्टीपर्यंत. मी किसनाला पाजत ओसरीच्या खांबाशी बसले होते. मी म्हटलं, "बाई, नका." तू म्हणालीस, "तिले आपल्या घरचं पाणी भेटू दे."

तुझ्या मनात वाईट नव्हतं. तुला वाटलं, तिला तुझ्यासारखीच माहेरची आठवण येते. पण तिसऱ्या दिवशी लालनं आतडी बाहेर टाकली आणि बरणीला वास सुटला. तिच्यासोबत सगळी पिल्लं मेली, ती दोनही.

मडम ओसरीत बसून रडली. मूल नव्हतं तिलाही. मग उठून तिनं पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि धन्यांना बोलावलं. कोणी घातलं पाणी?

धन्यांचा चेहरा मला आठवतो. ते तुला आधीच माहेरी पाठवायच्या गोष्टी करत होते. बारा वर्षांत मूल नाही, आणि वर साहेबाच्या बायकोचा जीव की प्राण मारला. त्या दिवशी तुझं नाव निघालं असतं तर तू परत त्याच खाऱ्या विहिरीवर गेली असतीस आणि भावजयांची भांडी घासत मेली असतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "कोणीच नाई घातलं, मडम. उन्हानं पाणी आटलं. शिंपण माह्याकून राह्यलं. लेकरात जीव गुंतला होता."

शिव्या मी खाल्ल्या. धन्यांची थप्पडही मीच खाल्ली.

खोलीत आल्यावर तू माझे पाय धरलेस. थोरलीनं धाकटीचे पाय धरले. "मंजुळे, तुह्ये उपकार मी नाई विसरणार. लेकरू तुह्यंच. मी फक्त मांडीवर घेत जाईन."

बाई, हे तुझे शब्द. मी ते कागदावर लिहून ठेवायला हवे होते, तेवढं मला येत होतं.

वैशाखात धन्यांनी बाग सोडली. गावी जाऊन कापूस लावायचा होता, आणि कापसाला काळी जमीन हवी होती. ती तुझ्या भावांकडे होती. बहिणीला मुलगा झाला तर नदीकाठचं वावर देऊ, असं त्यांनी धन्यांना कबूल केलं होतं. बहिणीला. सवतीला नाही. धन्यांना हे माहीत होतं. तुला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

गाव दोन कोसांवर राहिलं तेव्हा तू म्हणालीस, "आण त्याले इकडं. मांगं धूळ लागते." मी किसनाला तुझ्या मांडीवर दिला. तू गाडीत पुढे बसलीस, मी मागे गाठोड्यांत.

शिवेवर तुझे दोन्ही भाऊ उभे होते. थोरल्यानं गाडीत डोकावून विचारलं, "भाचा हाये का हा? कोणाचा?"

तू म्हणालीस, "कोणाचा म्हंजे? माह्या पोटचा."

मी तोंड उघडलं. धन्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण बैलांना असा फटका मारला की मी गाठोड्यांवर आपटले. तेवढ्या वेळात तुझ्या भावानं किसनाला उचलून डोक्यावर घेतला होता.

एका वावरासाठी. पुढे दोन-तीन वर्षांत ती परदेशातली लढाई थांबली, कापूस कोसळला आणि त्या वावरात परत वांगी लागली. लेकरू मात्र मला परत मिळालं नाही.

किसनाला तू बकरीचं दूध पाजलंस. तो ओकायचा. माझी छाती दगडासारखी झाली होती आणि तू ती धोतराच्या पट्टीनं बांधून ठेवली होतीस, लुगडं ओलं दिसू नये म्हणून. सहाव्या दिवशी त्याचा आवाज बसला. तेव्हा घाबरून तू मला गोठ्यात बोलावलंस. कडब्याच्या गंजीमागे, किसना तुझ्या हातात. मी हात पुढे केले. तू दिला नाहीस. "आंधी त्याच्या डोक्शावर हात ठेव. मी जित्ती हाये तोवर बोलायचं नाई, म्हन."

तो माझ्या अंगाचा वास ओळखून तोंड हलवत होता. मी हात ठेवला. म्हटलं. मग तू तो माझ्याकडे दिलास.

शपथ अशी घेतात का गं? भुकेल्या लेकराच्या डोक्यावर?

पुढे वर्षभर मी त्याला गोठ्यात पाजलं. तो मोठा झाला. तुझ्यासारखा चालायला लागला, कंबरेवर हात ठेवून तुझ्यासारखा बोलायला लागला, तुझ्यासारखं जेवणात मीठ जास्त घ्यायला लागला. सगळे म्हणायचे, अगदी मायवर गेला. रंग चढला होता त्याला. पण त्याच्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, दोन्ही पायांची. माझ्या पायांचीही तशीच आहे, माझ्या बापाचीही होती. तू हे पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतंस. म्हणूनच तो माझ्याशेजारी अनवाणी बसला की तू कुठूनही धावत यायचीस. "किसन्या, वाहाना घाल, काटा रुतंल." घरात, सारवलेल्या जमिनीवर कसला काटा? तळ कोण पाहतं म्हणणारी तू, सगळा जन्म तोच झाकत बसलीस.

त्याच्या लग्नात तू वरमाय होतीस. तू पायघड्यांवरून चाललीस. मागून त्या पायघड्या गोळा करायचं काम मला दिलंस. ओटी भरायच्या वेळी तुझी भावजय म्हणाली, "धाकलीले बाजूले बसवा, वांझोटीचा हात नको नवऱ्या पोरीले." तू तिथे होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं, जसं तू त्या ओसरीत माझ्याकडे पाहिलं होतंस. तू हळदीचं ताट उचलून दुसरीकडे नेलंस.

माझा त्या दिवशीचा राग आजही तेवढाच आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

तुझ्या शेवटच्या दुपारी किसना वैद्याला आणायला गेला होता. खोलीत आपण दोघीच. तू पाणी मागितलंस. मी माठातून तांब्या भरला. तू माझं मनगट धरलंस. "मंजुळे, सांगशीन काय त्याले?"

मी पाणी पाजलं. उत्तर दिलं नाही.

तू परत विचारलंस. "मंजुळे. सांगशीन काय?"

तुझं तोंड पुसलं, उशी नीट केली. तू डोळे माझ्यावर ठेवून वाट पाहत राहिलीस. 'नाही सांगणार' म्हटलं असतं तर तू सुखानं गेली असतीस. 'सांगेन' म्हटलं असतं तर निदान पक्कं कळलं असतं. मी दोन्ही दिलं नाही. तू वाट पाहतच गेलीस. माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती द्यायची-न द्यायची, आणि मी ती दिली नाही. मला वाईट वाटत नाही. तुझ्याशिवाय घर सुनं लागतं, भांडायला कोणी नाही, हे खरं. पण त्या दुपारचं वाईट वाटत नाही.

हे मांडवात वाचलं जावं असा माझा बेत होता. तुझ्या भावांच्या पोरांसमोर, त्या भावजयीसमोर, ती अजून आहे. किसना अनोळखी ओळी वाचत जाईल आणि सगळ्यांच्या देखत त्याला कळेल, असं मनात आणून मी काल संध्याकाळी खूश झाले होते. पण आज सकाळी तो विहिरीवर आंघोळ करत होता. तुझ्यासाठी भादरलेलं डोकं उन्हात चमकत होतं. म्हातारा झालाय तो आता. त्याच्याशी माझं वैर नाही. म्हणून मांडवाच्या आधी, आज दुपारी, हे त्याच्या हातात देते. मांडवात वाचायचं की चुलीत घालायचं, ते तो ठरवेल.

आणखी थोड्या दिवसांनी त्याला परत डोकं भादरावं लागेल, माझ्यासाठी. तेव्हा कोणासाठी भादरतो आहे, हे त्याला माहीत असलं पाहिजे. मावशीसाठी नाही.

चंद्रभागाबाई, चालणं-बोलणं तू शिकवलंस त्याला. वाचायला मी शिकवलं. धुळीत बोट धरून, माझ्या तीन पुस्तकांवर. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तू ते चालवून घेतलंस. तिथे तू चुकलीस. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं हे लेकरू आज माझ्या तोंडातून बाहेर आलं, आणि ते कोणाचं आहे हे त्याला तूच शिकू दिलेल्या अक्षरांतून कळेल.

किसना, इथपर्यंत वाचलंस ना? मग परत पहिल्यापासून वाच, मोठ्यानं. तिचा फोटो नाही आपल्याकडे, तर तिच्या रिकाम्या पाटासमोर बसून वाच.

वाचून झालं की माझ्या खोलीत ये. वाहाना बाहेर काढून ये, आणि माझ्या पायांशेजारी पाय ठेवून बस.